जालन्याहून आलेली चाकं

आमच्या गाडीची चारही चाकं चार तऱ्हेची होती. हे मला दिसत होतं, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. पुढच्या उजव्या चाकाला चकचकीत अलॉयची डिस्क, म्हणजे टायर बसतो ती तबकडी, बाकीच्यांना काळ्या लोखंडी, त्यातली एक गंजून तपकिरी झालेली. टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वयाचे. रस्त्याची कामं घेणाऱ्या ज्या गुत्तेदाराकडून ती जुनी पांढरी गाडी घेतली, त्यानं ताबा देण्याआधी चांगली चाकं काढून घेतली असतील आणि घरात पडलेली बसवून दिली असतील, असं ऑफिसातला एकजण म्हणाला होता. मी म्हणालो, असू द्या. वसमतला कॉलेजात कारकुनी करणाऱ्या माणसाला गाडी न्यायची असते कुठं? हट्ट्याला सासुरवाडी, शिरड शहापूरला चुलत बहीण, श्रावणात एखाद्या सोमवारी औंढ्याला देवदर्शन. काटा पन्नासच्या पुढं गेला की स्टिअरिंग थरथरायचं आणि गाडी डावीकडं ओढायची. मग मी पन्नासच्या पुढं जातच नव्हतो.

पोरीला मात्र ती गाडी फार आवडायची. झिजलेल्या टायरांचा चालताना एक आवाज यायचा, घूंऽऽ असा, वेगाबरोबर चढणारा आणि उतरणारा. ती म्हणायची, "बाबा, आपली गाडी गाणं म्हणून राहिली." मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी बसून तीही त्या आवाजात आवाज मिसळायची, थेट हट्टा येईपर्यंत. बायको म्हणायची, "बस कर बाई, डोकं उठलं माझं." पण तोंडाला पदर लावून हसत असायची.

पोरगी आमच्या पोटची नव्हती. बायकोच्या धाकट्या बहिणीची. ती बहीण बाळंतपणात गेली, नांदेडच्या दवाखान्यात. माझा साडू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. त्याचे आई-वडील आधीच गेलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. हट्ट्याला तेराव्याचं जेवण उरकल्यावर तो ओसरीत आला. गुंडाळलेलं लेकरू त्यानं दोन्ही हातांवर असं धरलं होतं, की जणू गरम काहीतरी धरलंय. बायकोच्या मांडीवर ते ठेवून तो म्हणाला, "ताई, हिला तुमी बघा. मला काही सुचून न्हाई राहिलं."

कधीपर्यंत बघायचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं?

आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि एक दिवस आम्ही दोघांनी तो विषय काढणंच सोडून दिलं होतं. आता घरात दुधाच्या बाटल्या उकळायला लागल्या. दोरीवर दुपटी वाळायला लागली. बायको बोलायला कमी, कामाला वाघ. पण मी एकदा ऑफिसातून लवकर आलो, तर ती त्या एवढ्याशा जिवाला भाजीचे भाव सांगत बसली होती. कोथिंबीर कशी महागली, वांगी कशी किडकी निघाली. आणि पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती.

बायकोनं तिच्यापासून काही लपवलं नाही. बहिणीचा फोटो बैठकीत लावलेला. पोरीला बोलता यायला लागलं तेव्हापासून ती फोटो दाखवून सांगायची, "ही तुझी जन्म देणारी आई. माझी बहीण." पोरगी फोटोला नमस्कार करायची आणि वळून बायकोलाच म्हणायची, "आई, भूक लागली." मी बाबा. आणि साडू म्हणजे 'जालन्याचे पप्पा'. जसा नांदेडचा दवाखाना, हट्ट्याची आजी, तसे जालन्याचे पप्पा.

तो दिवाळीला यायचा, पोरीच्या वाढदिवसाच्या आगेमागे यायचा. येताना फ्रॉक आणायचा. तो फ्रॉक दर वेळी लहान व्हायचा, कारण त्याच्या डोळ्यांपुढं पोरगी मागच्या वेळी पाहिली होती तेवढीच असायची. बायको म्हणायची, "होईल, होईल, शिवण उसवून घेते." खुर्चीच्या कडेवर बसून तो पोरीचं वाचन ऐकायचा, आणि बस धरायला उठायचा. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. करायच्या आधी इथं येऊन माझ्या बायकोला विचारलं. ही म्हणाली, "कर बाबा. किती दिवस हातानं भाकरी थापशील?" मग त्याला मुलगा झाला. येणं थोडं कमी झालं, पण तुटलं नाही.

यंदा होळी झाल्यावर तो आला, तो फ्रॉक न घेता. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. त्यानं चहा घेतला. कप खाली ठेवला, परत उचलला. त्यात काही नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "पोरीला न्यावं म्हणतो."

मी म्हणालो, "सुट्टीत ना? ने की. महिनाभर राहील."

"सुट्टीत न्हाई. कायमचं."

बायको दारात उभी होती. मीच म्हणालो, "आता काहून? इथं तिला काही तकलीफ हाय का?"

"तकलीफ कशाची दाजी? तुमी केलं तेवढं देव बी करत न्हाई." त्यानं कप खाली ठेवला. "मागच्या बारीला तुमच्या गल्लीतल्या एका पोरीनं तिला विचारलं, हे कोण हाय गं. ही म्हणाली, जालन्याचे पप्पा. तिनं विचारलं, म्हंजे कोण? तर ही म्हणाली, येत असतेत ते दिवाळीला." त्यानं दाराकडं पाहिलं. "लेकरू मोठं होऊन राहिलं. आणखी चार वर्षं गेली तर ती यायची न्हाई. बायको बी म्हणते घेऊन या. दोघं बहीणभाऊ संगं वाढतेन. मी दिवाळीचा पाव्हणाच राहू का दाजी?"

तो वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं.

बायको म्हणाली, "परीक्षा होऊ दे."

"व्हय ताई."

"आणि बसनं न्यायची न्हाई तिला. आमी आणून सोडू. गाडीनं."

तो गेल्यावर मी बायकोला म्हणालो, की ओळखीत एक वकील आहेत, विचारून तर बघू. ती म्हणाली, "काय विचारता? बाप हाय तो." आणि कणिक मळायला गेली.

*

जालन्याला जायचं तर गाडी दाखवून घ्यावी लागणार होती. औंढा, जिंतूर, मंठा, मग जालना. एवढ्या लांब ती गाडी कधी गेलीच नव्हती. एका रविवारी मी पोरीला घेऊन नांदेड रोडवरच्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार साठीचे, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांच्या वडिलांचं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचं काम होतं. यांनी टायर धरले. तोंडाळ माणूस, काम कमी आणि गप्पा जास्त, पण गल्ल्यावर बसून नजर सगळीकडं.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हसायलाच लागले. "ये क्या है सर? चार गाव के चार पाव्हणे."

"जालन्याला जायचंय, चाचा."

"जालना? इस पे? नक्को सर." मग त्यांनी जॅक लावला, एकेक चाक उचलून फिरवून दाखवलं. पुढचे दोन टायर एका रुंदीचे नव्हते, म्हणून गाडी ओढत होती. मागची एक डिस्क कधीतरी खड्ड्यात वाकली होती आणि हातोड्यानं ठोकून सरळ केली होती, फिरवली की लंगडायची. अलॉयवाल्या चाकाचा एक नट दुसऱ्याच गाडीचा होता. त्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. "हा बघा, अर्ध्यावरच बसून राहिला होता. नुसते टायर बदलून फायदा न्हाई. चारही डिस्क एका मापाच्या पाहिजेत, टायर बी एकसारखे. मग अलाइनमेंट."

"मग घाला."

"ह्या गाडीच्या डिस्क आता लवकर मिळत न्हाईत, जुनी झाली ना. आखाडा बाळापूरला एकजण जुन्या गाड्या तोडतो, त्याला सांगून ठेवतो. त्याचा काही नेम न्हाई, आठ दिवस, महिना. नांदेडला गेलात तर मात्र उद्याच भेटतील."

पोरगी टायरांच्या ढिगाच्या आत उभी राहिली होती, फक्त डोकं बाहेर. मला हाक मारत होती, "बाबा, बघा, मी विहिरीत."

मी म्हणालो, "बाळापूरवाल्यालाच सांगा. घाई न्हाई."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. गाव लहान, सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बराबर है. आराम से."

मग ते दिवस आले, ज्यांना काय म्हणावं मला कळत नाही. परीक्षा झाली. निकाल लागला. ऊन वाढलं. मी ऑफिसातून आलो की बायको विचारायची, "आल्या का डिस्क?" मी म्हणायचो, "न्हाई." ती मान हलवायची, आणि त्या दिवशी रात्रीच्या जेवणात काहीतरी गोड असायचं. कधी शेवया, कधी नुसता गूळ-तूप घातलेला मलिदा. मी दुकानावरून जाताना चाचांकडं बघायचो, ते लांबूनच हात हलवायचे, नाही म्हणून. मला हायसं वाटायचं. नांदेडला मी दोनदा ऑफिसच्या कामाला जाऊन आलो. तिथं टायरच्या दुकानांची अख्खी रांग आहे. त्या रस्त्यानं मी गेलो नाही.

पोरीला सांगायचं काम बायकोनं केलं. वेणी घालताना. मी पलीकडं पेपर धरून बसलो होतो.

"तुला आता जालन्याला राहायचंय. पप्पांकडं."

"कितके दिवस?"

"शाळा बी तिथंच."

पोरगी म्हणाली, "मंग तुमी पण चला."

"बाबाची नोकरी इथं हाय ना."

"मंग तू चल. बाबा येतील मागून."

बायकोनं वेणीचा पेड आवळला. "मी न्हाई येऊ शकत बाई."

"काहून?"

बायको वेणीला रिबीन बांधायला लागली. थोड्या वेळानं पोरगीच म्हणाली, "तिथं छोटा भाऊ हाय ना? त्याला मी शिकवते अ आ इ." आणि उठून खेळायला गेली. मला वाटलं, बरं झालं, तिला फार लागलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर तिनं आपल्या बाहुलीची अर्धी भांडी खोक्यात भरली होती आणि अर्धी कपाटातच ठेवली होती. बायकोनं विचारलं, ही इथं काहून ठेवली? तर म्हणाली, "इकडं आल्यावर लागतील."

*

साडूचे फोन येत होते. "दाजी, कवा येऊन राहिले?" मी म्हणायचो, टायरचं काम अडकलंय. डिस्क मिळत नाहीत. तो म्हणायचा, बरं. एकदा म्हणाला, "मीच येतो बसनं न्यायला." मी म्हणालो, "नको, सामान लई हाय, आणि ताईचं तसं म्हणणं हाय." तो म्हणाला, बरं. मग त्यानं गाडीचं मॉडेल विचारलं, साल विचारलं. मी सांगितलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास घरासमोर एक पिकअप येऊन थांबला. साडू त्यातून उतरला. मागच्या हौद्यात चार चाकं होती. चारही डिस्क एकसारख्या, रंग मारलेल्या, चारही टायर कोरे करकरीत, त्यांच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच.

"दाजी, भंगारात एक गाडी आली होती आमच्याकडं, तुमच्याच मॉडेलची," तो म्हणाला. "डिस्क चांगल्या होत्या. मी घासून घेतल्या, रंग दिला. टायर मात्र नवीन घातले. पोरगी बसणार हाय ना गाडीत."

बायको दारात आली. तिनं त्या चाकांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आत ये. चहा घे आधी."

मी पैशाचं काढलं तर त्यानं हात जोडले, आणि तो विषय तिथंच संपला.

आम्ही गाडी चाचांकडं नेली, मागून पिकअप. चाचांनी चाकं पाहिली, मग साडूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नेहमीसारखी बडबड केली नाही. म्हणाले, "चांगला माल है." साडूनं बाह्या सरसावल्या. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचे हात, जागोजागी भाजल्याचे पांढरे डाग. तो पाना धरून बसला आणि एकेक नट स्वतः सैल करायला लागला. मी शेजारी बसून नट हातात घेत होतो. जुनी चाकं निघाली. नवी चढली. त्यानं नट समोरासमोरचे आवळले, आधी हलके, मग जोर लावून, आणि शेवटी पुन्हा एकदा सगळ्या चाकांना हात लावून पाहिला.

मी म्हणालो, "तू पिकअप घेऊन आलायस. आजच नेतोस का तिला?"

तो पान्याकडं बघत म्हणाला, "न्हाई दाजी. मी नेली तर ओढून नेल्यावानी होईल. तुमी आणून सोडा. तुमच्या हातानं."

मी उठून चाचांच्या माठातलं पाणी प्यायलो. परत आलो तर तो स्टेपनी बघत होता. ती पण भलत्याच मापाची होती. चाचांनी आपल्याकडची एक काढून दिली.

जाताना साडू पोरीला भेटला. ती शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून वेगळी करत होती, रंगवायला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तो काळा झालेला पाहून मागं घेतला, आणि म्हणाला, "येतो बरं का." ती म्हणाली, "बरं पप्पा." तो पिकअपमध्ये बसला आणि गेला.

बायकोनं त्या संध्याकाळी "आल्या का" असं विचारलं नाही. ती माळ्यावरची मोठी बॅग काढत होती.

*

आम्ही सकाळी निघालो. उन्हं चढायच्या आत जिंतूर गाठायचं होतं. पोरगी तिच्या नेहमीच्या जागी, उजव्या खिडकीशी. शेजारी बायको. पायाशी, मांडीवर, डिकीत, सगळीकडं सामान. शिरड शहापूर मागं पडलं तरी पोरगी काही बोलली नाही. मी आरशात पाहिलं. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

"बाबा, आवाज काहून न्हाई येऊन राहिला?"

"नवीन टायर हायेत ना. नवीन टायरांचा आवाज होत न्हाई."

"मंग गाणं?"

गाडी खरंच मऊ चालली होती. काटा साठ, सत्तर, स्टिअरिंग हलत नव्हतं, कुठं ओढ नव्हती. इतकी वर्षं मी तिला दोन्ही हातांनी उजवीकडं धरून चालवत आलो होतो. त्या सवयीनं माझ्या दंडात अजून जोर होता, आणि तो लावायला काही नव्हतं.

औंढ्याला बायको म्हणाली, नाक्यावरूनच नमस्कार करू, थांबायचं नको. जिंतूरला आम्ही उसाचा रस प्यायलो. पोरीनं बर्फ जास्त मागितला, बायको पहिल्यांदाच घसा धरेल म्हणाली नाही. पुढं पोरगी हिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. बायको तिच्या कपाळावरचे केस मागं सारत होती, खिडकीबाहेर बघत होती.

साडूचं घर जालन्यात कारखान्यांच्या बाजूला, दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण लख्ख सारवल्यासारखं स्वच्छ. त्याची बायको दारात उभी होती. तिशीतली, सडपातळ. ती पुढं होऊन माझ्या बायकोच्या पाया पडली. "ताई, तुमी काळजी करू नका," असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "तिला सकाळी दूध लागतं का चहा?" बायको म्हणाली, "दूध. त्यात साखर नको, गूळ. आणि केस ओले ठेवू देऊ नकोस, सर्दी होते." ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आणखी सांगा."

मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि बायको सांगत राहिली. कशाला घाबरते, कोणती भाजी खात नाही, ताप आला की पायाचे तळवे कसे चोळायचे. मी बाहेर खाटेवर साडूबरोबर बसलो होतो. छोटा मुलगा पोरीच्या मागं मागं फिरत होता. तिनं त्याला बॅगेतले रंग दाखवले. त्यानं एक तोंडात घातला. ती हसली. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं सहन झालं नाही.

जेवणं झाली. ऊन कलायला लागलं, तसे आम्ही उठलो. साडूच्या बायकोनं हिची ओटी भरली. बायकोनं पोरीला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला. पोरगी रडली नाही. मला वाटलं, आता निघावं, लवकर. मी गाडीचं दार उघडलं आणि चावी लावली.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. पोरगी आपलं दप्तर घेऊन येऊन बसली होती, उजव्या खिडकीशी. दप्तर मांडीवर. समोर बघत. आम्ही कुठूनही घरी निघालो की ती अशीच आधी येऊन बसायची.

साडू पुढं आला, दाराला हात लावला, आणि तसाच उभा राहिला. त्याच्यानं होईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चावीकडं पाहिलं. छोटा मुलगा तेवढा म्हणाला, "मला बी बसायचंय."

बायको गाडीला वळसा घालून त्या बाजूला गेली. दारापाशी वाकली.

"उतर बाई."

पोरगी समोरच बघत होती. "घरी जायचंय."

"हे घर हाय तुझं."

"न्हाई."

"उतर म्हणते ना." बायकोनं तिच्या मांडीवरचं दप्तर उचललं. आवाज चढवला नाही. "माझं ऐकायचं न्हाई का?"

पोरगी कायम तिचं ऐकत आली होती. ती उतरली.

मी गाडी वळवली. आरशात मी पाहिलं नाही. आज वाटतं, पाहायला पाहिजे होतं. पण नाही पाहिलं. बायको मागच्याच सीटवर बसली होती, एकटी, पोरीच्या जागेवर. मी म्हणालो नाही की पुढं ये. मंठ्याच्या पुढं एका लिंबाखाली तिनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि परत मागंच जाऊन बसली. म्हणाली, "टायर चांगले घातलेत त्यानं."

मी म्हणालो, "व्हय."

*

सुरुवातीला रोज फोन यायचा. पोरगी साडूच्या फोनवरून बोलायची, आधी रडत, मग रडणं आवरून, मग सांगायला काहीबाही घेऊन. नवी शाळा. बाकावरची मैत्रीण. भाऊ कसा वह्या फाडतो. मग दोन-तीन दिवसांनी एकदा. मग आठवड्यानं. हे असंच व्हायला पाहिजे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

एकदा बायको बोलत होती, फोन स्पीकरवर होता. मध्येच पोरगी म्हणाली, "मावशी, थांब हं, आई बोलवून राहिली." आणि पलीकडं धावल्याचा आवाज आला. तिच्या ते लक्षातही आलं नसणार. फोन चालूच होता. भांड्यांचा आवाज, छोट्याचं रडणं, कुणाचं तरी हसणं. बायको ते सगळं ऐकत उभी राहिली. पोरगी परत आली नाही. खूप वेळानं तिकडून कुणीतरी फोन बंद केला.

"बराबर हाय," बायको म्हणाली. "तिला तिथं राहायचंय. दोन दोन आया लेकरानं कशा सांभाळायच्या?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातली ती बाहुलीची भांडी काढली, धुतली, पुसली आणि होती तिथंच ठेवली.

दिवाळीला आम्ही जालन्याला जाऊन आलो. पोरगी उंच झालीय. नेलेला फ्रॉक तिला आखूड झाला. साडूची बायको पटकन म्हणाली, "शिवण सोडून घेते ताई, होईल." बायकोनं तिच्याकडं पाहिलं आणि तिचा हात धरून ठेवला, बराच वेळ. पोरगी आम्हाला तिची शाळा दाखवायला घेऊन गेली, बाहेरूनच, सुट्टी होती म्हणून. आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती. गाडीपाशी आली नाही.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, "मला गाडी शिकवा."

इतक्या वर्षांत तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी विचारलं, आता या वयात? ती म्हणाली, "तुमच्या गुडघ्याचं काही खरं न्हाई. जालन्याचा रस्ता मला यायला पाहिजे. तिचं काही दुखलंखुपलं, बोलावणं आलं, तर मी तुमच्या रजेची वाट बघत बसू का?"

आता दर रविवारी सकाळी आम्ही बाजार समितीच्या मागच्या मैदानावर जातो. क्लच एकदम सोडते, गाडी धक्का खाऊन बंद पडते. ती परत चावी फिरवते. मागच्या रविवारी तिनं मैदानाला न थांबता फेऱ्या मारल्या आणि गाडी फाटकापर्यंत आणली. पुढं डांबरी रस्ता. एक ट्रॅक्टर गेला, एक बस गेली, मग रस्ता मोकळा झाला. ती हाताची पकड न सोडता त्या मोकळ्या रस्त्याकडं बघत राहिली.

"आज नको," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बरं." आम्ही जागा बदलल्या आणि घरी आलो. तिनं पिठलं टाकलं, भाकरी केल्या. दोघांपुरता स्वयंपाक करायचा अंदाज तिला अजून आलेला नाही. उरतंच.